हरणाऱ्याकडे पाहताना

व्यावसायिक कुस्तीच्या जुन्या फिती पाहण्याची माझी एक पद्धत गेल्या काही वर्षांत ठरून गेली आहे. पहिल्यांदा लढत साध्या प्रेक्षकासारखी पाहायची. दुसऱ्यांदा मात्र जिंकणाऱ्याकडे अजिबात लक्ष द्यायचे नाही. हरणाऱ्याचे पाय कुठे पडतात, हात कशाला आधार देतात आणि नजर कुणाला शोधते, एवढेच पाहायचे. ही सवय मला एका लढतीने लावली. ती लढत तेहतीस वर्षे जवळजवळ कोणी पाहिलेली नव्हती आणि तरीही तिच्याविषयी सगळ्यांचे मत तयार होते.

७ ऑक्टोबर १९८६ रोजी अमेरिकेतल्या रॉचेस्टर येथे डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीच्या दूरचित्रवाणी चित्रीकरणाच्या दिवशी ब्रेट हार्ट आणि टॉम मॅगी या पैलवानांची लढत झाली. मॅगी हा कॅनडाचा शक्तिपटू होता. १९८२ च्या जगातील सर्वांत ताकदवान पुरुषाच्या स्पर्धेत तो दुसरा आला होता, आणि एवढ्या अवाढव्य देहाने तो कोलांट्याही मारत असे. ही लढत प्रसारणासाठी नव्हतीच, नव्या माणसाची ती परीक्षा होती. ती पाहून कंपनीचे मालक विन्स मॅकमॅन यांना आपला पुढचा चॅम्पियन सापडल्यासारखे वाटले, अशी कथा पुढे चाहत्यांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. गंमत अशी की, मॅगीचे नंतर काहीच झाले नाही. ब्रेटखेरीज इतरांबरोबर तो रिंगमध्ये उतरला की त्याची ती जादू दिसेनाशी होत असे. त्यामुळे ती एक लढत दंतकथा होऊन बसली आणि ती सापडणारच नाही असे बहुतेकांनी धरून चालले होते. २०१९ मध्ये ब्रेटच्या जुन्या टेपांच्या जतनाचे काम करणाऱ्या एका चाहतीला ती त्याच्याच ढिगाऱ्यात सापडली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती सर्वांसाठी प्रसारित झाली.

ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा खरे सांगायचे तर माझा थोडा हिरमोडच झाला. मॅगी मोठा आहे, चपळ आहे, देखणा आहे. पण दोन डावांच्या मधल्या क्षणी त्याला काय करावे ते सुचत नाही, हे कुणाच्याही लक्षात येईल. दुसऱ्यांदा पाहिली तेव्हा मी फक्त ब्रेटकडे पाहिले, आणि मग दंतकथेचा उलगडा झाला. मॅगीला जिथे हात टाकायचा आहे तिथे ब्रेट अर्धा क्षण आधी जाऊन उभा असतो. मॅगीचा धक्का तोकडा पडला तरी ब्रेटचे पडणे तोकडे पडत नाही. तो पडतो, उठतो, चिडतो, घाबरतो, आणि या सगळ्यातून समोरच्याच्या ताकदीचा जो अंदाज प्रेक्षकांना येतो, तो मुळात ब्रेटच्या अंगातून आलेला असतो. मॅकमॅन यांनी जर खरोखरच त्या दिवशी भावी चॅम्पियन पाहिला असेल, तर तो चुकीच्या कोपऱ्यात पाहिला असे म्हणावे लागेल. ब्रेट त्या वेळी जिम नाइडहार्टच्या जोडीने खलनायकाचे काम करणारा, जोडीच्या लढतींत अडकलेला पैलवान होता. तो चॅम्पियन झाला १२ ऑक्टोबर १९९२ रोजी, कॅनडातल्या सस्काटून येथे रिक फ्लेअरला हरवून, आणि ती लढतही दूरचित्रवाणीवर थेट दाखवलेली नव्हती. या माणसाच्या आयुष्यातले मोठे क्षण कॅमेऱ्याच्या कडेला घडत राहिले, याची मला नेहमी गंमत वाटते.

इथे ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे थांबायला हवे. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो, हे आता गुपित राहिलेले नाही. पण निकाल ठरलेला असतो म्हणजे काम सोपे असते असे नाही, आणि सगळ्यांत कठीण काम बहुधा मार खाणाऱ्याच्या वाट्याला येते. एखाद्याला उचलून आपटण्याचा डाव घ्या. उचलला जाणारा माणूस योग्य क्षणी स्वतः उडी घेतो, उचलणाऱ्याच्या मांडीवर किंवा अंगावर हाताचा टेकू देतो, हवेत आपला तोल सांभाळतो आणि हनुवटी छातीशी घट्ट धरून पाठ सपाट ठेवत खाली येतो, म्हणजे डोके आपटत नाही आणि आवाज मात्र सभागृहभर घुमतो. ड्रॉपकिकमध्ये, म्हणजे उडी घेऊन दोन्ही पायांनी मारायच्या लाथेत, तर उडी मारणारा दोन्ही पाय समोरच्याला नुसते टेकवतो; समोरचा जर वेळेवर मागे कोसळला नाही, तर हवेतून खाली पडणारा बिचारा हास्यास्पद दिसतो. म्हणजे एका माणसाचा पराक्रम दुसऱ्या माणसाच्या शरीरावर लिहिला जातो. वर्तमानपत्रातल्या निकालात यातले काहीच उतरत नाही. तिथे एवढेच असते की अमुक जिंकला, तमुक हरला, इतकी मिनिटे लागली. म्हणून हरवलेली फीत सापडते तेव्हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न लढत चांगली होती की वाईट हा नसतो. श्रेय आजवर ज्याच्या नावावर जमा होते ते खरोखर त्याचेच होते का, हा असतो.

या प्रश्नाची सर्वांत श्रीमंत उत्तरे मला फ्रान्सच्या संग्रहात मिळाली. १९५० च्या दशकापासून फ्रेंच दूरचित्रवाणीवर कुस्ती दाखवली जात असे. तिथे तिला ‘कॅच’ म्हणत. फ्रान्सबाहेरच्या चाहत्यांना या परंपरेची फार तर नावे माहीत होती. फ्रान्सच्या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्थेने, म्हणजे ‘इना’ने, जपून ठेवलेल्या त्या लढती गेल्या दशकाच्या आसपास जगभरच्या चाहत्यांपर्यंत पोहोचू लागल्या, आणि व्यावसायिक कुस्तीचा इतिहास अमेरिका, जपान, मेक्सिको आणि ब्रिटन या चार खांबांवर उभा आहे असे मानणाऱ्या आम्हा मंडळींची चांगलीच पंचाईत झाली. पाचवा खांब समोर आला होता, आणि तो इतरांपेक्षा आखूड मुळीच नव्हता.

त्यातला झिल्बेर लदुक हा माझा विशेष आवडता. त्याचा एक डाव मी किती वेळा मागे नेऊन पाहिला असेल, त्याचा हिशेब नाही. प्रतिस्पर्धी खाली पडलेला असतो आणि त्याने दोन्ही पायांच्या कैचीत लदुकचे डोके पकडलेले असते. ही पकड कंटाळवाणी होऊ शकते. एक माणूस आवळतो, दुसरा हात हलवत कण्हतो, आणि प्रेक्षक खिशात काहीतरी शोधू लागतात. लदुक तसे करत नाही. तो आधी गुडघे जवळ घेतो, दोन-तीनदा सुटण्याचा साधा प्रयत्न करतो आणि तो फसू देतो. मग तळहात चटईवर रोवून तो कंबर वर नेतो, पाय हळूहळू सरळ करतो आणि डोके कैचीत तसेच असताना शीर्षासनात उभा राहतो. सभागृहाला आता पुढचे कळलेले असते. आवाज चढू लागतो. लदुक क्षणभर स्थिर राहतो, आणि मग डोक्याच्याच आसावर गरगर फिरू लागतो, एक फेरी, दुसरी फेरी, वेग वाढतो, आणि त्या फिरण्याने कैची सैल होऊन डोके सुटते. फ्रेंचमध्ये या डावाला ‘तूपी’ म्हणतात, म्हणजे भोवरा. त्याहून अचूक नाव शोधून सापडणार नाही.

आता हाच डाव दुसऱ्यांदा, खाली पडलेल्या माणसाकडे पाहत पाहावा. पायांची कैची त्याने फार घट्ट धरली तर लदुकला फिरता येणार नाही, फार सैल सोडली तर पकड खोटी दिसेल. फिरणाऱ्या माणसाचे सगळे वजन मानेवर आहे, आणि ती मान दुसऱ्याच्या घोट्यांमध्ये आहे. शेवटच्या फेरीला कैची सुटते तेव्हा ती जोराने उघडली गेल्यासारखी दिसायला हवी, आपण होऊन उघडल्यासारखी नव्हे. टाळ्या अर्थातच लदुकला मिळतात. खालचा माणूस आश्चर्याने डोळे विस्फारून पाहत राहतो, आणि तेही त्याचे कामच असते.

फ्रेंच लढतींतला मार मात्र या नजाकतीच्या अगदी उलट टोकाचा असतो. ‘मांशेत’ हा त्यांचा हुकमी तडाखा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात फिरवून तो समोरच्याच्या जबड्याकडे किंवा छातीकडे हाणायचा. साध्या ध्वनिमुद्रणातही त्याचा आवाज असा येतो की पाहणाऱ्याने खुर्चीत अंग चोरावे. झिल्बेर सेस्का आणि बिली कातांझारो यांची १९५७ ची लढत मी पहिल्यांदा लावली ती जुनी वस्तू पाहण्याच्या कुतूहलाने. दहा मिनिटांत ते कुतूहल संपले आणि मी ती लढत म्हणून पाहू लागलो. पकडींची देवाणघेवाण इतक्या वेगाने होते की, आधुनिक कुस्तीचा वेग हा अलीकडचा शोध आहे हा माझा समज तिथेच गळून पडला. वेग वाढत जातो तसा मारही वाढत जातो, आणि सौजन्य एकेक पायरी उतरत जाते. या लढतीला चाहत्यांत आज जो मान आहे तो अतिशयोक्त आहे असे मला वाटत नाही, आणि असे मी फार थोड्या लढतींविषयी म्हणेन.

कारण एक तक्रार इथेच नोंदवायला हवी. काळ्या-पांढऱ्या फितीवर काहीही दिसले की त्याला अभिजात म्हणण्याची एक नवी खोड आम्हा संग्रहवेड्या मंडळींना जडली आहे. फ्रेंच संग्रहातही रटाळ लढती भरपूर आहेत; तीन फेऱ्यांपैकी पहिली फेरी नुसती हात धरून घालवणारे, रेफरीशी हुज्जत घालून वेळ काढणारे, तोच विनोद तिसऱ्यांदा करणारे पैलवान तिथेही होते. दुर्मीळपणा आणि गुण यांची गल्लत केली की ज्यांनी खरोखर असामान्य काम केले, त्यांच्यावरच अन्याय होतो.

खलनायकांविषयी मात्र मी उदार आहे. रोजे देलापोर्त हा पॅरिसमधल्या एलिझे-मोंमार्त्र या प्रसिद्ध सभागृहाचा कारभार पाहणारा माणूस. लढती कोणाच्या लावायच्या हे त्याच्या हातात होते. तरीही आंद्रे बोलेच्या जोडीने तो रिंगमध्ये उतरे तो लोकांच्या शिव्या खाण्यासाठी. आपल्याच सभागृहात आपल्याला हुर्यो मिळावी यासाठी इतक्या मनापासून राबणारा मालक मी दुसरा पाहिलेला नाही. त्याच काळात ‘पांढरा देवदूत’ आणि ‘बेथूनचा जल्लाद’ असे मुखवटाधारी पुढे आले, आणि प्रेक्षकांना चांगले आणि वाईट रंगावरूनच ओळखता येऊ लागले. देवदूताची झेप सुंदर आहे. पण तो ज्याच्यावर झेपावतो त्याचे काम मला अधिक रंगतदार वाटते. ‘छोटा राजपुत्र’ या नावाने खेळणारा दान्येल द्युबाई हा या परंपरेतला सर्वांत हलका आणि सर्वांत चपळ. त्याच्या लढती पाहताना दोर, कोपरे आणि प्रतिस्पर्ध्याचे खांदे या सगळ्यांचा उपयोग पायऱ्यांसारखा होतो, आणि पुन्हा तेच: तो खांदा देणारा माणूस हलला असता तर राजपुत्राचे काय झाले असते?

याच संग्रहाने आंद्रे द जायंटचीही वेगळी ओळख करून दिली. बहुतेकांच्या मनातला आंद्रे म्हणजे २९ मार्च १९८७ रोजी पाँटियाक सिल्व्हरडोममध्ये हल्क होगनसमोर उभा असलेला, पाठीच्या दुखण्याने जखडलेला, दोरांचा आधार घेत हलणारा डोंगर. १९६० च्या दशकाच्या अखेरच्या फ्रेंच फितींत तो जाँ फेरे या नावाने दिसतो, विशीतला, तुलनेने सडपातळ आणि धावणारा. एवढा उंच माणूस दोन्ही पाय जमिनीवरून उचलून ड्रॉपकिक मारतो, हे पाहिल्यावर १९८७ च्या लढतीकडे परत जाणे मला जड गेले. तिथे तो फार थोडे करतो अशी टीका पूर्वी मीही केली आहे. आता वाटते की, ज्याला एके काळी सगळे येत होते त्याने उरलेल्या थोड्या हालचाली किती विचारपूर्वक खर्च केल्या, हे मला तेव्हा दिसलेच नव्हते.

अमेरिकेतली गोष्ट थोडी वेगळी, कारण तिथे फिती टिकल्या त्या मुख्यतः योगायोगाने. १९४९ ते १९५५ या काळात शिकागोतल्या मॅरिगोल्ड सभागृहातल्या फ्रेड कोहलर यांच्या लढती ड्युमाँट या दूरचित्रवाणी जाळ्यावरून देशभर दिसत. तेव्हा व्हिडिओ टेप नव्हती. पडद्यावर चालू असलेले चित्र समोर फिल्मचा कॅमेरा लावून टिपले जाई. याला किनिस्कोप म्हणत. कडा धूसर, मध्यभाग थोडा फुगलेला आणि पांढरे रंग जळालेले, असे ते चित्र असते. ड्युमाँट बंद पडल्यावर त्यांच्या कार्यक्रमांच्या असंख्य फिती १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या खाडीत बुडवल्या गेल्या, असे अभिनेत्री ईडी अ‍ॅडम्स यांनी १९९६ मध्ये एका सुनावणीत सांगितले होते. लू थेझ आणि व्हर्न गॅनी यांची १९५२ मधली तासाभराची बरोबरीची लढत आपल्याला पाहता येते, ही म्हणूनच मोठी मिळकत आहे. तिथे हरणारा कोणी नाही, त्यामुळे माझी पद्धत लंगडी पडते. दोघेही एकमेकांना पकडीचे खरे मोल देतात आणि तासभर कोणी फुकटची टाळी मागत नाही.

बडी रॉजर्सने मात्र माझी पद्धत पार उलटी करून टाकली. ३० जून १९६१ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये ३८,६२२ प्रेक्षकांसमोर त्याने न्यूझीलंडच्या पॅट ओकॉनरकडून जागतिक किताब जिंकला. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या असत. शेवटच्या फेरीत ओकॉनरची ड्रॉपकिक हुकते, तो दोरांवर आदळतो आणि रॉजर्स त्याला चीत करतो. इथे जिंकणाराच हरणाऱ्याचे काम करतो आहे. रॉजर्स तोऱ्यात चालतो, छाती काढतो, केस सावरतो. आणि ओकॉनरने जरा वेग पकडला की तोच माणूस हात जोडत कोपऱ्यात मागे सरकतो. त्याचे पडणे इतके मोकळे आहे की त्या प्रचंड मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही ते समजले असेल. पुढच्या पिढीत रिक फ्लेअरने ‘नेचर बॉय’ हे नाव, ती चाल, तो पायांचा पेच आणि ते गयावया करणे हे सगळेच उचलले. मी फ्लेअरच्या लढती आधी पाहिल्या असल्याने रॉजर्स मला प्रथम नक्कल वाटला होता. मूळ आणि नक्कल यांचा क्रम माझ्या डोक्यात दुरुस्त व्हायला तीन-चार लढती लागल्या.

सर्वांत जुनी जी लढत मी मन लावून पाहिली ती ३० जानेवारी १९२० ची. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो स्टेकरने अर्ल कॅडॉकला हरवले. लढत दोन तासांहून अधिक चालली आणि तिच्यातली जेमतेम अर्ध्या तासाची मूक फीत शिल्लक आहे. स्टेकर नेब्रास्काचा शेतकरी, पायांच्या कैचीसाठी प्रसिद्ध. पायांत धान्याची पोती दाबून त्याने ही ताकद कमावली असे सांगत. कॅडॉकला ‘हजार पकडींचा माणूस’ म्हणत. तो पहिल्या महायुद्धात लढून आला होता आणि तिथल्या विषारी वायूने त्याच्या शरीराची हानी केली होती. निकाल आधी ठरवण्याची पद्धत तोवर चांगलीच रुळली होती, त्यामुळे या लढतीत खरे किती आणि ठरलेले किती यावर वाद घालता येतो. मला तो वाद फितीसमोर बसल्यावर आठवत नाही. दोर आहेत, पण त्यांच्यावरून कोणी उसळी घेत नाही. उड्या नाहीत, तोरा नाही, प्रेक्षकांकडे पाहणे नाही. कॅडॉक खाली आहे, स्टेकरचे पाय त्याच्या कमरेभोवती येऊ पाहतात आणि कॅडॉक प्रत्येक वेळी कंबर थोडी वळवून, हाताने एक गुडघा अडवून ती कैची पूर्ण होऊ देत नाही. तो फक्त नकार देत राहतो. दम लागलेला माणूस आपला दम लपवताना कसा दिसतो, हे त्याच्या खांद्यांवरून कळते, आणि तो अभिनय असेल तर त्याहून संयत अभिनय मी रिंगमध्ये पाहिलेला नाही.

सेस्का आणि कातांझारोंची लढत मी आजवर चार वेळा पाहिली आहे, आणि परवा वहीत जुन्या नोंदी चाळताना लक्षात आले की, चारही वेळा मी लिहिले आहे ते सेस्काविषयी. आज रात्री ती पुन्हा लावणार आहे. या वेळी पहिल्या घंटेपासून कातांझारोवरून नजर हलवायची नाही असे ठरवले आहे.